मागचं डावं चाक

"साहेब, गाडी तपासायच्या आधीच तुम्ही माझा निकाल लावून मोकळे झालात!" ड्रायव्हर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत गरजला. गाडी नुकतीच आत आली होती, मागच्या डाव्या चाकातून धूर निघत होता आणि साहेबांचं एकच पालुपद चाललं होतं: हँडब्रेक ओढून गाडी पळवलीस, उद्यापासून येऊ नकोस.

ड्रायव्हरला मात्र घोर नव्हता. चाक खोलायला बसलेला फिटर त्याचा व्याही होता. त्याची लेक ड्रायव्हरच्या घरात सून म्हणून नांदत होती. त्या चाकाचे ब्रेकही त्यानेच अलीकडे नवे बसवले होते. घरचा माणूस खरं तेच सांगणार.

फिटरने फडक्यात धरून ब्रेकवरचा ड्रम काढला. आतले ब्रेकचे लायनर जळून कोळसा झाले होते. ब्रेक सोडल्यावर त्यांना मागे ओढणारी स्प्रिंग आत नव्हतीच. बसवायची राहिली होती. ड्रायव्हरने ते पाहिलं. फिटरनेही पाहिलं आणि झटकन ड्रम परत चढवला.

"हँडब्रेकच ओढलेला होता, साहेब," तो म्हणाला. "यांना सवयच आहे."

नाकाला रुमाल लावून लांब उभे असलेले साहेब मिशीतल्या मिशीत हसले.

ड्रायव्हर गाडीला वळसा घालून मागच्या उजव्या चाकापाशी गेला. त्याने चाकाच्या मध्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"हँडब्रेक मागची दोन्ही चाकं धरतो, हे मला तुम्हीच शिकवलंत ना, व्याहीबुवा? मान वर करा आणि साहेबांसमोर सांगा, मला इथे चटका का बसत नाही?"