रूपरावची चाल

"अजून एकदा लावा साहेब," कोकिळा म्हणाली.

ठाण्यातल्या संगणकावर हवालदार धनंजयने तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा सुरू केला. जाम गावच्या चौकातल्या एका धाब्यावरचा कॅमेरा. भर दुपार. उन्हामुळे तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस हैदराबादच्या बसकडे चालत गेला, चढला, बस निघाली.

कोकिळाच्या नवऱ्याला घरून जाऊन अकरा दिवस झाले होते. रूपराव आंजीहून वांगी घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेला, तो परतलाच नाही. त्याचा फोन शेवटचा लागला तो जामला. कोकिळाने सोयऱ्यांची घरं पालथी घातली, दवाखाने पाहिले. काल तर हिंगणघाटला वणा नदीत सापडलेलं प्रेतही पाहून आली. ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"शर्ट तर तुम्ही सांगितला तसाच आहे," धनंजय म्हणाला.

"शर्ट कोणाचाबी राहू शकते. चाल नाई राहत." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "वीस वर्सं झाले, पाहून राह्यली मी. आमचे मालक पाय ओढत चालतात, मान खाली घालून. अंगणात पाय वाजला का मले समजते, आज डोकं दुखते का कोणासंग बिनसलं. अन् हा पाहा. हात हलवत, टाचा उचलत. वरातीत निंगाल्यावानी."

"म्हणजे हे ते नाहीत?"

"नाईत." तिचा आवाज चिरकला. "पण मंग गेले कुठी साहेब? पुन्हा नदीवरच जाऊ का मी?"

धनंजयने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग बाहेर बाकावर बसलेल्या रूपरावच्या आईलाही त्याने आत बोलावलं. जबाबावर तिचाही अंगठा हवा होता.

कोकिळाने सासूला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"पाहून घ्या आत्याबाई. ते नाईत, पण एकदा पाहून घ्या."

गोपिकाबाईने चष्मा पुसला. तो माणूस पुन्हा चौकातून चालत गेला, बसमध्ये चढला. म्हातारी पडद्याकडे पाहतच राहिली. तिच्या तोंडावर अकरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"रूपरावच हाये," ती म्हणाली. "लगनाच्या आधी असाच चाले."