प्रोबच्या टोकावरचं बोट

भाऊराव गेल्यापासून गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये त्यांचा ऑसिलोस्कोप, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं मशीन, झाकूनच होता. त्यातल्या काही सोयी कंपनीनं कुलूपबंद ठेवल्या होत्या आणि त्या उघडणारा कोड शोधता शोधताच ते गेले.

रविवारी दुपारी समतानं वडिलांची वही काढली. पानोपानी कोड लिहून काट मारलेली. फक्त शेवटच्या कोडावर काट नव्हती. तिनं तो टाकला आणि मेनूत नवी नावं झळकली.

"आई, बाबांचा कोड लागला!"

"अच्छा? आज हवे होते गं ते," रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्यावरच्या सपाट रेघेची लाट झाली.

ही लाट समताच्या ओळखीची होती. कुठलंही मशीन लावलं की बाबा आधी प्रोबच्या, म्हणजे वायरीनं मशीनला जोडलेल्या मोजणीच्या सळीच्या, टोकाला दोन टिचक्या मारायचे, मग बोट टेकवून विचारायचे, "दिसतंय का गं?" माणसाच्या स्पर्शानं अशीच लाट उठते. पडद्यासमोर बसलेली समता "दिसतंय, काढा" म्हणाली, की मगच ते बोट उचलायचे.

लाट दोनदा उसळली आणि मग टिकून राहिली.

प्रोब भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. तिनं त्याची वायर मशीनमधून उपटली. लाट तशीच राहिली.

"दिसतंय बाबा, काढा," ती सवयीनं बोलून गेली.

रेघ सपाट झाली.

तिनं वायर परत खोचली.

"नाही दिसलं, बाबा. परत लावा ना."