मागचं दिसावं म्हणून

“दिसून राह्यलो का, मॅडम?” कादर मिस्त्रीनं गाडीच्या मागून विचारलं.

“नाही,” स्टिअरिंगसमोर बसलेली हिमानी म्हणाली.

कादर पुढं आला. दाराला चिकटपट्टीनं धरलेला आरसा त्यानं बोटभर सरकवला आणि पुन्हा मागं जाऊन उभा राहिला.

“आता?”

आरशात आधी त्याचे गुडघे दिसले. मग तो वाकला तसा चेहरा.

“दिसलात,” ती म्हणाली. त्या दिवशी नेमकी तिथंच, गाडीच्या मागं उजव्या अंगाला, रुक्मिणीबाई पडली होती.

कादरनं पेन्सिलीनं खूण केली. ड्रिल हातात घेतलं आणि थबकला. “वकीलसाहेबाले माहीत हाय ना? एकदा भोक पाडलं का पाडलं. असा पत्रा पुन्हा नाही भेटत.”

“त्यांनीच किल्ली दिली.”

“मंग ठीक हाय.”

गाडी हिमानीच्या सासऱ्यांची, अनंतरावांची. मरून रंगाची, बिनटपाची, दोघांपुरती. वकिली जोरात होती तेव्हा खामगावच्या एका जिनिंगवाल्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. तिला बाहेरचे आरसे मुळातच नव्हते आणि अनंतरावांनी आजवर बसवू दिले नव्हते.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हिमानीनं ती फाटकातून मागं घेतली. धप्प आवाज झाला. उतरून पाहिलं तर चाकाखाली पेरूंचा चेंदामेंदा आणि शेजारी पेरूवाली रुक्मिणीबाई कंबर धरून विव्हळतेय.

अनंतराव घरातून धावत आले. तिचा दंड धरून म्हणाले, “तू आत जा. गाडी मी चालवत होतो. कळलं?”

त्यांनी जगाला तेच सांगितलं. आपल्या मुलाला, धवललाही. म्हातारीच्या ऑपरेशनचा खर्च त्यांनी केला, दवाखान्यात तेच जात राहिले. हिमानी सोबत निघाली की म्हणत, “तू तिच्यासमोर जाऊ नकोस. ओळखेल ती. मी आहे तोवर तुला काही होणार नाही.”

बाईचं हाड जुळलं, पण डोक्यावर टोपली घेणं संपलं. ती पिंपळगाव राजाला लेकीकडे राहायला गेली. अनंतरावांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी चालवली नाही.

त्यानंतर एका शब्दानंही त्यांनी हिमानीला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं, असं तिला वाटे. धवल नोकरीला नाशकात. तिलाही तिथल्या कॉलेजात शिकवायची जागा मिळाली, तेव्हा अनंतराव एवढंच म्हणाले, “जा की. माझं काय, राहीन मी एकटा.” आणि उठून ताडपत्रीवरची धूळ झटकू लागले.

तिनं कॉलेजला नकार कळवला. आपला गुन्हा ज्या माणसानं अंगावर घेतला, त्याला रिकाम्या घरात टाकून कसं जायचं? धवल शनिवारी यायचा, रविवारी जायचा. पुढं पुढं तो शनिवारीही येईनासा झाला. गेल्या खेपेला जाताना म्हणाला, “तुला माझ्यासोबत राहायचंच नाही, हे एकदा सरळ सांग ना.” ती उंबऱ्यात उभी राहिली. सांगण्यासारखं एकच होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. शेवटी आज सकाळी तिनं अनंतरावांकडे गाडीची किल्ली मागितली, आरसे बसवून आणते म्हणाली; त्यांनी ती दिली.

कादरनं दोन्ही आरसे बसवले, आतून नट आवळले, काचा पुसल्या. “आता मांगचं सारं दिसते. बिनधास्त जा.”

हिमानी घराकडे वळली नाही. बोथ्याचा घाट उतरून तिनं गाडी खामगावच्या अंगाला घेतली. वाटेत ती सारखी आरशात पाहत होती. मागं रस्ता मोकळा होता, तरी पुन्हा पुन्हा पाहत होती. पोलिसांत द्यायचं तर देऊ दे, पण आता बाईच्या तोंडावर बोलायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पिंपळगावात घर विचारावं लागलं. रुक्मिणीबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“कोन? वकीलसायबाची सून नं तू?”

“हो.” हिमानी खाली, तिच्या पायांशीच बसली. “आजी, त्या दिवशी गाडी बाबा चालवत नव्हते. मी होते. तुमची ही दशा माझ्यामुळे झाली. मला...” तिला रडू फुटलं.

म्हातारीनं सूप बाजूला सारलं.

“अवो, रडतं काऊन? तूच होती, मले काय दिसलं नाही का? पन तुह्या गाडीनं काय केलं? त्या मोकाट गोऱ्ह्यानं ढुसनी देल्ली मले. मी पयलेच पडेल होती, टोपलं लांब फेकल्या गेलं. तुही गाडी त्या टोपल्यावर गेली, बाई. मले तं तिचा धक्काबी नाही लागला.”

“धक्काही नाही?” हिमानीनं विचारलं.

“तरीबी सायबानं सारा दवाखाना केला. देवमानूस,” रुक्मिणीबाई म्हणाली. “म्या त्याइले पयल्याच दिवशी सांगतलं होतं, पोरीचा काही दोष नाही, तिच्या जिवाले उगंच घोर लागंल. तं ते म्हने, घरी गेल्याबरोबर सांगतो तिले.”