दुसरी चिठ्ठी

सोसायटीचा सेक्रेटरी असलेल्या मितेशने शेवटची चिठ्ठी उलगडून मोठ्या ढिगावर टाकली. विहीर बुजवा म्हणणारे एक्केचाळीस.

लहान ढिगाकडे थेल्माआंटीने बघितलंही नाही. घरटी एक मत. तिथे तिची एकटीचीच चिठ्ठी असणार. घोडबंदर रोडवर ही सोसायटी उभी राहिली त्याआधी इथे तिच्या सासऱ्यांची वाडी होती. त्यातली आता एवढी विहीर उरलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी या विहिरीतूनच वाजतगाजत पाणी न्यायचं, उंबराचं पाणी म्हणतात त्याला, आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचं, हा घरचा रिवाज. जानेवारीत नातीचं, ब्रेंडाचं लग्न. आणि ह्यांना पार्किंग हवं होतं!

"आंटी, राग धरू नका हां," संचिता जवळ येऊन म्हणाली. गेल्या महिन्यात तिचा मुलगा विहिरीच्या कठड्यावर चढलेला. "मला झोप लागत नाही हो तेव्हापासून."

खोटं बोलत नव्हती बिचारी. थेल्माआंटीला तेच जास्त लागलं.

हात वर करून नको, चिठ्ठ्या टाका, हा हट्टही तिचाच. नाताळात तिच्या हातचा केक मागून मागून खाणारी माणसं चेअरमनसमोर कचरतील, चिठ्ठीत तरी मनातलं लिहितील, असं वाटलेलं तिला. लिहिलं की मनातलं! बस्स झालं. उद्यापासून गेटपाशीसुद्धा कोणाकडे बघायचं नाही. केक तर बंदच. पिशवी उचलून ती उठली.

"विरोधात दोन," मितेशने वाचलं. "ठराव मंजूर."

ती दारातच थांबली. "किती?"

"दोन, आंटी."

"एक माझी. दुसरी कोणाची रे?"

"ते कसं सांगणार? गुप्त मतदान तुम्हीच मागितलेलं ना."

लोक खुर्च्या उचलायला लागले होते. तिने एकेकाचं तोंड निरखलं. ओल्या कपड्यांवरून रोज भांडणारी लक्ष्मी. आंटीच्या दारापुढे बाईक लावणारा साकेत. पेंगुळलेल्या पोराला खांद्यावर घेतलेली संचिता. कोणीच मान वर करेना.

थेल्माआंटीचे डोळे भरून आले. विहीर तर गेलीच. आणि आता कोणावर धड रागावताही येईना.

केकसुद्धा सगळ्यांनाच द्यावा लागणार होता.