अजून थोडी

रत्नागिरीच्या खाडीकाठी राहणाऱ्या हफीजाचा नवरा मजीद दर शुक्रवारी कुवेतहून शेजारच्या कौसरचाचीकडे फोन लावायचा. सलाम व्हायच्या आत विचारायचा, "किती उतरलीस? असला भोपळा मी इथे दोस्तांत मिरवणार नाय. बारीक झालीस तरच व्हिसा." कुवेतच्या आशेने हफीजा नुसत्या लिंबूपाण्यावर राहिली आणि एका सकाळी भोवळ येऊन घागरीसकट विहिरीच्या पायरीवर आपटली.

त्या दिवसापासून ती पोटभर भात-कालवण जेवू लागली, पहाटे बंदरापर्यंत ताठ मानेने चालून येऊ लागली आणि फोनवर बिनदिक्कत थापा ठोकू लागली. आधी म्हणाली दोन किलो उतरले, मग म्हणाली दहा. पावसाळा सरेतो ती फोनवर शेळीएवढी झाली होती, तरी मजीद म्हणाला, "अजून थोडी कमी हो." ईदेला तिने सांगितलं, "आता कोंबडीएवढी उरलेय. वारा सुटला की चाची मला चिमटा लावून कपडे वाळत घालायच्या दोरीला अडकवून ठेवते."

पलीकडून तोच सूर आला, "बरं चाललंय. अजून थोडी."

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा हफीजा चाचीच्याच ओट्यावर तळलेल्या सुरमईवर ताव मारत होती. चाचीने रिसीव्हरवर हात दाबून विचारलं, "काय गो, काय सांगू त्याला?"


"सांग, घटता घटता तुझी बायको संपली. हफीजा जेवतेय."