बापाने मारलेली रेघ

पिण्याच्या पाण्यासाठी ध्रुवावरून ओढून आणलेला हिमनग बंदराच्या तोंडाशी वितळत होता. तिथे पोचताच गोमाच्या होडीवरची लाल रेघ पाण्याखाली गेली. ती त्याच्या बापाने मारलेली. पाणी तिला टेकेपर्यंतच माल भरायचा.

“हावरटपणा केलात ना?” बायको चांगुणा म्हणाली.

“भर समुद्रात रेघ दिसत होती की गं!” गोमाने होडीचा तळ चाचपला. कोरडा होता.

चांगुणाने ओंजळीतलं पाणी चाखलं. “अवो, हे गोडं झालंय! खाऱ्यासारखं उचलून धरत नाही.”

लाट काठावरून आत आली. दोघांनी सुरमईच्या टोपल्या भराभर पाण्यात ओतल्या. रेघ वर आली.

मागून लेकाची होडी येत होती, तशाच रेघेपर्यंत भरलेली. चांगुणा ओरडत राहिली. वारा उलटा होता. लेकाने हसून हात हलवला.