उरलेली रेघ

जुन्या शाईतून लिहिणाऱ्याची नाडी काढणारी पट्टी शाल्मलीने टेबलावर मांडली. नव्या प्रसूतिगृहाच्या बोधचिन्हासाठी मोडीचं एखादं जुनं वळण निवडायचं होतं. ते काढणाऱ्या डॉ. मुजावरबाईंनी सहा जणांचे हात नाकारले होते. अक्षर देखणं, पण नाडी थंड. नुसतं पोटासाठी लिहिलेलं.

सातवा कागद पट्टीवर आला, बाईंनी अंगठा टेकला आणि त्या ताठ झाल्या.

"एकशे तीस! या माणसाचं काळीज फुटायला आलंय. आणि अक्षर बघा, एक वळण चुकलेलं नाही. काय लिहितोय हा?"

शाल्मली वाचू लागली. "प्लेगातल्या मयतांची यादी आहे, मॅडम." तिचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "शेवटचं नाव दुर्गी. वय वर्षं चार. लिहिणाराची लेक."

तिने कागद उचलायला हात पुढे केला. "दुसरा हात दाखवू?"

"दुर्गीच्या पुढे ही नुसती रेघ का?"

"मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवतात. दुर्गीनंतर त्याने काही लिहिलंच नाही."

"मग आमचं नाव तिथूनच लिहू दे त्याला."

शाल्मलीने पट्टीला जोडलेल्या, जुना हात पुढे गिरवणाऱ्या यंत्राला नाव सांगितलं. सव्वाशे वर्षं थांबलेला हात हलला. उरलेल्या रेघेखाली सावकाश 'पाळणा' उमटू लागलं. बाईंचा अंगठा कागदावरच होता.

"एकशे दहा," त्या पुटपुटल्या. मग, "नव्वद."

शेवटचा काना खाली उतरला, तेव्हा त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं.